तरंग-विलोपन आणि सोपानरावांची विहीर

पुस्तकाला नावं ठेवणारा माणूस मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला उठून जायचं असेल त्याला आत्ताच जाता येईल. मी आयुष्यात जे काही शिकलो ते पुस्तकावरून शिकलो. शिकवायला कोणी नव्हतं, आणि जे होते त्यांना विचारण्याइतका माझा स्वभाव गोड नव्हता. मायक्रोमीटर धरायला पुस्तकावरून शिकलो. पेटीवर बोटं ठेवायला पुस्तकावरून शिकलो. स्कूटरचा कार्बोरेटर उघडायलाही पुस्तकावरूनच शिकलो. तो परत बसवायला शिकलो नाही, कारण पुस्तकाची शेवटची पानं गळालेली होती. हा दोष रद्दीवाल्याचा, पुस्तकाचा नव्हे. पण आमच्या सोसायटीत अजून काही लोक तो प्रसंग माझ्या तोंडावर काढतात आणि वर म्हणतात, 'अनंतराव, पुस्तकी ज्ञान.' जणू काही त्यांच्याकडे दुसरं कुठलं तरी आहे.

तर सोपानराव. मोशीत आमची सोसायटी जिथे उभी आहे ती त्यांची जमीन. पहिल्या मजल्यावर ते आणि शालनबाई राहतात, चौथ्यावर मी आणि सुहासिनी. ते अजूनही गेटपाशी उभं राहून बिल्डिंगकडे असे बघतात की वाटावं, यंदा पीक जरा जास्तच उंच आलंय. मी तळवड्याहून पहिली शिफ्ट संपवून येत होतो, तेव्हा त्यांनी मला गेटवर धरलं आणि खिशातून रुमालात बांधलेला पेन ड्राइव्ह काढला.

त्यात त्यांचं शेत होतं. शेत गेलं त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावानं, नानासाहेबांनी, नवा हँडीकॅम घेतला होता आणि दिसेल ते टिपलं होतं. बांध, मोट बंद झालेली विहीर, कांद्याचे वाफे, म्हशीचं तोंड. त्या कॅसेट आकुर्डीच्या एका फोटो स्टुडिओतून पेन ड्राइव्हवर उतरवून आणल्या होत्या. शालनबाईंनी 'आता पेनात आलंय नव्हं' म्हणून कॅसेट लगोलग भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या. हे सगळं तुकड्यातुकड्यांत होतं, त्याचा एक छानसा सिनेमा करून हवा होता.

'कशासाठी?' मी विचारलं.

सोपानरावांनी सांगितलं ते असं, की वाटणीत कुठल्याशा चिंचोळ्या पट्टीवरून दोघा भावांचं बिनसलं. नानासाहेब चाकणला गेले, हार्डवेअरचं दुकान टाकलं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. लग्नाकार्यात समोर आले तरी तिसऱ्याला मध्ये घालून बोलतात. 'त्यांना सांगा', 'त्यांना म्हणावं', असं. भावाच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही, ही नानासाहेबांची शपथ वेगळीच.

'भांडान मिटाया पायजेल असं आमचं म्हननं न्हाई, अनंतराव,' ते म्हणाले. 'वाटनीत त्यो चुकला ते चुकलाच. पर समोरासमोर भांडावं ना राव. भिताडाला सांगितल्यागत काय बोलायचं? शेत बगून तोंड उघडंल, असं वाटतंय.'

मी पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि म्हणालो, 'काम झालं समजा.' मला तेव्हा एडिटिंगमधलं काहीही येत नव्हतं. पण काही येत नाही म्हणून माझं कधीच अडलेलं नाही. पुस्तक मिळतं.

ते मिळालं आकुर्डीलाच, कॉलेजच्या पोरांची जुनी पुस्तकं विकणाऱ्या फुटपाथवर. चांगलं विटेएवढं जाड. लेखक कुठल्याशा तंत्रनिकेतनातले निवृत्त प्राध्यापक, आणि माणूस माझ्यासारखाच रागीट असावा. त्यांनी सॉफ्टवेअरमधल्या एकूण एक इंग्रजी शब्दाला मराठीत आणून बसवलं होतं. टाइमलाइनची समयरेषा. कापायच्या रेझरचं वस्तरा-साधन. एक्स्पोर्टची अंतिम घडण. पडद्यावर मात्र सगळं इंग्रजीत, शिवाय पुस्तक चार आवृत्त्या जुनं, त्यामुळे पुस्तकात जे बटण डावीकडे ते पडद्यावर उजवीकडे, आणि जे उजवीकडे ते कुठेच नाही. माझ्या मुलानं, केयूरनं, पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं. तो तळवड्याच्या आयटी पार्कात कामाला आहे आणि कुठल्याही वस्तूला आधी चार्जिंगची जागा शोधतो.

'बाबा, यूट्यूबवर बघा ना. दहा मिनिटांत येईल.'

मी बघितलंही. एक टोपीवाला पोरगा 'हाय गाईज' म्हणून आला, मग त्यानं घंटा दाबायला सांगितली, मग मित्रांना पाठवायला सांगितलं, मग त्याचं मांजर मध्ये आलं. शेवटी त्यानं जे दाखवलं ते इतक्या वेगानं दाखवलं, की त्याला स्वतःला तरी ते कळलं का याची मला शंका आहे. पुस्तक घंटा दाबायला सांगत नाही. पुस्तक तुमच्या वेगानं चालतं. डुलकी लागली तर ते जिथे आहे तिथे उघडं पडून राहतं आणि तुम्ही उठेपर्यंत एक पानही पुढे जात नाही. इतकी सभ्यता आज कुठे उरली आहे?

डुलकीचं म्हणालो ते उगाच नाही. पहिल्या शिफ्टचा माणूस पहाटे उठलेला असतो. तीनला सुटून घरी येऊन जेवून पुस्तक उघडलं की मोशीची ती दुपार खिडकीतून आत येऊन शेजारी बसायची. पंखा फिरतोय, खाली कुठेतरी टाइल कापण्याचं मशीन एका सुरात चाललंय, नदीकडून गरम वारा येतोय आणि समोर समयरेषेवर सोपानरावांचं शेत आडवं पसरलेलं. मी तासन्तास बघत बसायचो. त्या शेतात काही म्हणजे काही घडत नव्हतं. म्हैस मान वळवायची. वाऱ्यानं ज्वारी एका बाजूला झुकायची आणि विचार बदलल्यासारखी परत उभी राहायची. माझ्या खिडकीतून जिथे समोरच्या बिल्डिंगचं वाळत घातलेलं धुणं दिसतं, तिथेच कुठेतरी ती ज्वारी होती. मधूनमधून मला नेमकं कळत नसे की मी पडद्याकडे बघतोय की खिडकीबाहेर.

त्यातच मला तरंग-विलोपन सापडलं. पुस्तकातलं हे प्रकरण इतकं सुंदर आहे की मी ते सुहासिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं मेथी निवडता निवडता ऐकून घेतलं. साधं पुसलं तर समयरेषेवर मोकळी जागा राहते, भिंतीतली वीट काढावी तशी. तरंग-विलोपन केलं तर पुढचं सगळं आपोआप सरकत मागे येतं आणि खड्डा बुजतो. काही होतं, याची खूणही उरत नाही. त्या दुपारी मला पुस्तकावरच झोप लागली. स्वप्नात मी गच्चीवर उभा होतो, हातात वस्तरा-साधन. मी समोरची बिल्डिंग कापली आणि दाबलं. पलीकडची ज्वारी शांतपणे सरकत आली. मग क्लब हाऊस कापलं. कांद्याचे वाफे आले. मग सोसायटीचे चेअरमन बबनराव खाली उभे होते त्यांनाही कापलं, आणि त्यांच्या जागी म्हैस आली, तिनं मान वळवली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. जाग आली तेव्हा गालावर पानाची घडी उमटली होती आणि चहा निवला होता.

बबनरावांचा राग का, तेही सांगतो.

सिनेमा दाखवायचा कुठे? सोपानरावांच्या घरात नानासाहेब येणार नाहीत. तेव्हा क्लब हाऊस. अर्ज केला. बबनराव मोठ्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा तिथली शिस्त घरी घेऊन आले. त्यांनी सांगितलं की छापील अर्जात कार्यक्रमाचे तीनच प्रकार आहेत, धार्मिक, मंगल आणि वाढदिवस. सिनेमा नाही. मी म्हणालो, चौथा लिहा. ते म्हणाले, त्याला सर्वसाधारण सभा लागते. मी म्हणालो, मग वाढदिवस लिहा, शालनबाईंचा. ते म्हणाले, आधार कार्ड दाखवा. शालनबाईंचा जन्म कांदे काढणीच्या वेळचा, एवढंच त्यांना माहीत. आधारवर मात्र एक जून. ठीक आहे, एक जून तर एक जून. नानासाहेबांनाही वहिनीच्या वाढदिवसाला नाही म्हणता येणार नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा ते चड्डीत होते आणि तिच्याच हातचं खाऊन मोठे झाले होते. निरोप गेला, होकार आला.

आणि मग कळलं की एक जूनला क्लब हाऊस आधीच गेलंय. आमच्या गावठाणातली जुनी माणसं शाळामास्तरांच्या कृपेनं सगळीच्या सगळी एक जूनला जन्मलेली. सोसायटीत जमिनीवाल्यांची घरं आहेत, त्या प्रत्येक घरात एक जूनचा एखादा तरी म्हातारा आहे, आणि त्यांच्या नातवंडांना अलीकडे केक कापायचा नाद लागला आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत रांग होती. बबनरावांनी वही माझ्यासमोर फिरवली आणि अतिशय समाधानानं म्हणाले, 'पुढच्या वर्षी लवकर या.'

तेव्हा उरलं एकच तटस्थ राष्ट्र. माझा हॉल. सुहासिनीला सांगितलं, तिनं पडद्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पडदे धुवायला काढले.

इकडे सल्ले चालूच होते. तिसऱ्या मजल्यावरची रश्मी भाजीपोळीचे रील बनवते. ती म्हणाली, काका, पंधरा सेकंदांच्या वर कोणी बघत नाही, शेताला ढोलकी टाका. बबनरावांनी लिफ्टमध्ये सांगितलं की लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला द्या, तो पाकळ्या उडवून देतो. सोपानरावांचं म्हणणं एकच, की इहीर दिसू द्या. मी सगळ्यांना सांगितलं की काम पद्धतशीर चाललंय, आणि ते खोटं नव्हतं. पद्धत हाच माझा धंदा. आमच्या कंपनीत गाड्यांचे ब्रॅकेट बनतात, ते चाकणला जातात, आणि ते जाण्याआधी माझ्या हाताखालून जातात. मी आयुष्यभर एकच काम केलंय. चांगलं हिरव्या क्रेटमध्ये, वाईट लाल क्रेटमध्ये. मी इथेही तेच केलं. एक फोल्डर 'मंजूर', एक 'नामंजूर'.

नानासाहेबांच्या चित्रणाला मी जितका न्याय देता येईल तितका दिला. पण माणूस कॅमेरा असा धरायचा, जसा काही तो कोंबडा आहे. हललेलं, धुरकट, तिरकं, अंगठा मध्ये आलेलं, बंद करायचं विसरून नुसतेच पाय टिपलेलं, हे सगळं लाल क्रेटमध्ये. त्यातून जे निघालं ते सोन्यासारखं होतं. विहीर, सकाळचं धुकं, सोपानराव पाठमोरे चाललेले, म्हैस दोनदा. मी ते वस्तऱ्यानं कापलं, तरंगानं जोडलं, सुरुवातीला शालनबाईंचं नाव घातलं. छोटासाच झाला होता सिनेमा, पण खरं सांगतो, बघताना मला दोनदा उठून खिडकी लावावी लागली. धूळ येत होती.

आता फक्त अंतिम घडण, म्हणजे सगळ्याची मिळून एक फाइल करणं, राहिली. पुस्तक म्हणतं, घडणीआधी संगणकावर मोकळी जागा असू द्या. आमच्याकडे दर शनिवारी पाच एस असतं. नको असलेलं काढा, जागा साफ करा. मला ते रक्तात भिनलंय. मी बघितलं तर 'मंजूर' फोल्डरनं केवढी तरी जागा अडवली होती. आता मला सांगा, ब्रॅकेट गाडीला बसला, गाडी उभी राहिली, मग ज्या क्रेटमधून ब्रॅकेट आला तो क्रेट लाइनवर ठेवून घ्यायचा का? चाकणचा कुठलाही माणूस सांगेल, उचला. सगळे तुकडे सिनेमात बसले होते. मी 'मंजूर' फोल्डर पुसला. कचऱ्याची टोपली रिकामी केली. तयार सिनेमा न्यायला पेन ड्राइव्हही पुसून रिकामा केला. 'नामंजूर'ला हात लावला नाही. तोही नियमच आहे. लाल क्रेटमधला माल मॅनेजरच्या सहीशिवाय भंगारात काढता येत नाही, आणि इथे सही करायला मॅनेजर नव्हता.

मग मी घडणीचं बटण दाबलं.

पडदा लाल झाला. पुढचा तुकडा, लाल. म्हैस, लाल. धुकं, लाल. जिथे जिथे शेत होतं तिथे तिथे लाल चौकोन, आणि त्यावर अनेक भाषांत एकच वाक्य, की वस्तू जागेवर नाही. सुरुवातीचं शालनबाईंचं नाव तेवढं शाबूत होतं.

केयूर ऑफिसमधून आला आणि पुसलेलं परत आणणारं काहीतरी चालवत बसला. फायलींची नावं परत आली, चित्रं आली नाहीत. मग त्यानं मला चहा करून दिला, हे मला जास्त लागलं. मी पुस्तक घेतलं आणि पहिल्यांदाच पहिल्या पानापासून उघडलं. पहिलं प्रकरण मी गाळलं होतं, कारण त्याचं नाव 'प्रास्ताविक संकल्पना' होतं, आणि स्वतः शिकणारा माणूस संकल्पना वाचत नाही, त्याला लगेच वस्तरा हवा असतो. त्यात काळ्या चौकटीत प्राध्यापकांनी लिहिलं होतं: 'लक्षात ठेवा, समयरेषेवर चित्रफीत नसते. चित्रफितीचा केवळ पत्ता असतो. घर पाडलेत, तर पत्ता तसाच राहील, घर राहणार नाही.'

मी ते बराच वेळ वाचत बसलो. खाली सोपानराव गेटपाशी उभं राहून बिल्डिंगकडे बघत होते.

तेव्हा पुस्तकांचा उपयोग असतो की नाही, यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. सगळं लिहिलेलं होतं. ठळक अक्षरांत, चौकटीत. यापेक्षा आणखी माणसानं करायचं काय? घरी येऊन हात धरायचा?

एक जूनला नानासाहेब चाकणहून आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स, आणि चेहरा असा की उधारी मागायला आलेल्या गिऱ्हाइकानंही मागे फिरावं. लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबली तेव्हा त्यांनी म्हणे डोळे मिटून घेतले. वर येऊन शालनबाईंच्या पाया पडले आणि दाराजवळच्या वेताच्या खुर्चीवर बसले. सोपानराव आधीच दिवाणावर बसले होते, खिडकीकडे तोंड करून. मधोमध शालनबाई, नव्या लुगड्यात, वाढदिवस म्हणजे नेमकं काय करायचं असतं या संभ्रमात.

'वैनी,' नानासाहेब म्हणाले, 'दुकान उघडं टाकून आलोय. लवकर सुरू करा म्हणावं.'

'कुनाला म्हनू? हितंच बसल्यात.'

'त्यांना म्हणावं, मला घाई नाही,' सोपानराव खिडकीला म्हणाले. भावासमोर ते शुद्ध बोलत होते. रागाचं ते एक लक्षण असतं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सुहासिनी सरबताचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मी आदल्या रात्रभर एक भाषण तयार केलं होतं, त्यात तांत्रिक अडचण हा शब्द चार वेळा होता. पण त्या लुगड्याकडे बघून ते जमेना.

'सिनेमा नाही,' मी म्हणालो. 'होता. माझ्या हातानं पुसला. चांगलं होतं ते सगळं गेलं. मी नामंजूर केलेलं तेवढं शिल्लक आहे.'

पंखा फिरत होता. मग नानासाहेबांनी घसा साफ केला.

'वैनी, यांना विचारा, नामंजूर करताना शूटिंग ज्यानं केलं त्याला विचारलं होतं का?'

माझी पंचवीस वर्षांची नोकरी आहे. मोठमोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरना मी तोंड दिलंय. पण या प्रश्नावर मी रिमोट शोधायला लागलो.

'लावा जे हाय ते,' सोपानराव म्हणाले.

मी लावलं. टीव्हीवर आधी एक अंगठा आला, मोठा, गुलाबी, कडेनं ऊन झिरपणारा. मग आभाळ, बराच वेळ. मग आभाळ उलटं झालं आणि पाय आले, चिखलानं माखलेले, बांधावरून चाललेले. त्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं. पण आवाज होता. मी तुकडे निवडताना आवाज बंद ठेवला होता, कारण पुस्तकात ध्वनीचं प्रकरण शेवटी आहे. इंजिनाचा लांबून येणारा ठोका. चिमण्या. चिखलात पाय बुडून निघाल्याचा आवाज, आणि कॅमेऱ्यामागून जोरानं श्वास घेणारा एक तरुण माणूस, जो आता माझ्या वेताच्या खुर्चीत पांढरा शर्ट घालून बसला होता. हॉलमध्ये ऊन आलं होतं आणि टीव्हीतही ऊन होतं. मला थोडा वेळ माझं घर हललंय असं वाटलं, म्हणजे सरकलंय, आणि पलीकडचं काहीतरी हळूच जवळ येतंय.

पाय थांबले. पाटाचं दारं, म्हणजे पाणी अडवायचा मातीचा बांध, फुटलेलं दिसलं, आणि काळ्या मातीवरून सरसर कडेला पळणारं पाणी. मग टीव्हीत सोपानरावांचा आवाज फुटला, आजच्यापेक्षा दुप्पट मोठा.

'फुटलं का न्हाई पानी? तुला दारं धरायला हुबं केलंतं का फोटू काढायला? शेजारच्याच्या कांद्यात गेलं समदं. आता त्यो बसंल बोंबलत.'

पडद्यावर चित्र गदगदलं, पुन्हा अंगठा आला, आणि तुकडा संपला.

'ते पाणी माझ्यामुळं फुटलं नव्हतं,' वेताच्या खुर्चीतून आवाज आला.

मी शालनबाईंकडे बघितलं, त्या कोणाला निरोप देतात का म्हणून. नानासाहेब शालनबाईंकडे बघत नव्हते. भावाकडे खुर्ची फिरवून बसले होते.

'दारं तूच बांधलं होतंस, दाद्या. कच्चं. एक खोरं माती घातली आन् गेलास. मला काय म्हणतोस?'

सोपानराव हळूहळू खिडकीपासून वळले. इतक्या हळू, की मला वाटलं मध्येच थांबतील.

'मी? मी तवा हिरीवर व्हतो. इंजिन कोन बगत व्हतं मग, तुजा सासरा?'

'हिरीवरनं तुला पाट कसा दिसला? हीर कुठं, पाट कुठं. मधी चिंच होती.'

'चिंच वरल्या अंगाला.'

'खालच्या.'

'आरं, तुला शेताची वरली बाजू ठावं न्हाई आन् तू वाटनी मागायला आलास.'

शालनबाईंनी पदर तोंडाला लावला. वाटणीचा विषय निघाला म्हणजे आता कोणीतरी उठून जाणार. नानासाहेब उठलेही. पण म्हणाले, 'चल खाली. दाखव हीर कुठं होती ते.'

'चल.'

सरबत तसंच राहिलं. आम्ही सगळे खाली गेलो. पार्किंगमध्ये दोघं भाऊ ऊन न बघता हिंडत होते. एक म्हणायचा, हा खांब म्हणजे गोठा. दुसरा म्हणायचा, गोठा जनरेटरच्या तिथं. सोपानरावांनी दोन मोटारींच्या मधून एक अदृश्य पाट काढला, नानासाहेबांनी तो पाण्याच्या टाकीकडे वळवला. दोघांनी बोटांनी रेघा मारल्या, एकमेकांच्या पुसल्या. बबनराव क्लब हाऊसमधून केकची प्लेट घेऊन बाहेर आले आणि विचारू लागले की पार्किंगमध्ये हा काय प्रकार चाललाय, कुणाची परवानगी. त्यांना नानासाहेबांनी हातानं बाजूला सारलं, 'व्हा तिकडं, तुम्ही कांद्यात उभे आहात.' बबनराव खरोखरच दचकून पायाखाली बघत बाजूला झाले. मला त्या दिवसातलं एवढं एक निर्भेळ सुख मिळालं.

शेवटी दोघांचं माझ्या स्कूटरवर एकमत झालं. ती ढकलली, आणि दोघं तिथे उभे राहिले, समोरासमोर, घाम पुसत.

'ही हीर,' सोपानराव म्हणाले. 'आता सांग, हितनं मी दारं कच्चं बांदलं?'

'मग कुणी फोडलं? आपोआप फुटलं?'

'मी मोडलं ते,' शालनबाई म्हणाल्या.

दोघं त्यांच्याकडे बघायला लागले.

'माज्या मिरच्या वाळाय लागल्या व्हत्या. चार रोपं लावली व्हती कडंला. तुमी दोघं समदं पानी कांद्याला लावीत व्हता. म्हनलं जरासं घ्यावं, तर धबाकदिशी समदंच गेलं.'

'आन् मला तवा त्यानं जेवू दिलं न्हाई,' नानासाहेब म्हणाले.

'मी जेवू घातलं की मागल्या दारी.'

'आगं, पर सांगायचं तरी,' सोपानराव म्हणाले. 'इतकी वर्सं?'

'कवा सांगू? भांडायला लागला की तुमी कुनाचं ऐकून घेता व्हय? आन् मग भांडायचंच बंद केलंत.'

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघं एकदमच तिच्यावर तुटून पडले. मिरच्यांपायी किती कांदा गेला, शेजाऱ्याच्या किती शिव्या खाल्ल्या, हे एक सांगत होता आणि दुसरा 'बराबर' म्हणत होता. ती पुढे आणि हे दोघं मागे, तिघं जिन्याकडे निघाले. लिफ्ट उघडीच होती, पण लिफ्टमध्ये हातवारे करायला जागा नसते. पहिल्या मजल्यावरून नानासाहेबांचा आवाज आला, मग भांड्यांचा, मग पुन्हा नानासाहेबांचा, आता घराच्या आतून.

मला कोणी वर बोलावलं नाही. सिनेमाबद्दल, पुस्तकाबद्दल, माझ्या श्रमांबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. बबनराव स्कूटर जागेवर लावा म्हणून सांगून गेले. मी मात्र तिथेच उभा राहिलो, विहिरीवर. ऊन मऊ झालं होतं, टाइल कापायचं मशीन कुठेतरी एका सुरात चाललं होतं. पायाखाली चांगलं फूटभर काँक्रीट होतं, आणि तरी माझा जरा तोल जात होता.